१९७७ ची लाट आणि आपला खेड मतदारसंघ : ‘का पडले?’ सोबत ‘इथे का नाही पडले?’ हेही विचारा

पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या राज्यशास्त्र आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विषय हमखास खुणावतो : आणीबाणी आणि त्यानंतरची १९७७ ची लोकसभा निवडणूक. विषय चांगलाच आहे. पण अशा सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा एक वाक्य असतं : ‘आणीबाणीला कंटाळलेल्या जनतेने जनता लाटेत इंदिरा गांधींचा पराभव केला.’ वाक्य खोटं नाही. अडचण एवढीच की ते लिहून झालं की शोधायला काही उरतच नाही. उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं. मग पुढची दोनशे पानं कशासाठी?

या लेखात हाच विषय आपण पेठ, मंचर, घोडेगाव, जुन्नर या आपल्या पट्ट्यातून बघू. कारण हा पट्टा ज्या खेड लोकसभा मतदारसंघात होता, तिथे १९७७ ला काँग्रेस जिंकली. शेजारी पुण्यात पडली, तिकडे बारामतीत पडली आणि मधल्या आपल्याकडे राहिली. संशोधनाचा प्रश्न नेमका अशा ठिकाणी सापडतो.

आधी घटनाक्रम नीट लावून घ्या

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली, लोकसभेची मुदत वाढवली गेली. १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी स्वतःच निवडणूक जाहीर केली. नेत्यांची सुटका सुरू झाली. काँग्रेस (संघटना), जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष एकत्र येऊन जनता पक्ष उभा राहिला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले. १६ ते २० मार्च दरम्यान मतदान झालं. निकाल लागले आणि २१ मार्चला आणीबाणी मागे घेतली गेली. २४ मार्चला मोरारजी देसाईंचा शपथविधी झाला.

या क्रमात एक गोष्ट सहज निसटते. मतदान झालं तेव्हा आणीबाणी कागदोपत्री चालूच होती. लोकांनी आणीबाणी उठल्यावर मत दिलं नाही, ती असतानाच दिलं. मतदार भीत होता का, किती भीत होता, मतदानापूर्वी उघडपणे बोलत होता का, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. देशातलं मतदान १९७१ ला सुमारे ५५ टक्के होतं, ते १९७७ ला ६० टक्क्यांच्या थोडं वर गेलं.

आधी सत्ता पडते की आधी निवडणूक होते?

एकाधिकारशाहीनंतरच्या निवडणुकांवर जगभर भरपूर लिहिलं गेलंय. ते वाचायला घेतलं की पहिलं काम वर्गीकरणाचं. ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात.

पहिल्यात सत्ताधारी आधी जातो आणि निवडणूक मग होते. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला लष्करी उठावात जुनी राजवट कोसळली आणि बरोबर एका वर्षाने संविधान सभेची निवडणूक झाली. ग्रीसमध्ये जुलै १९७४ ला लष्करी राजवट गेली आणि नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. स्पेनमध्ये फ्रँको नोव्हेंबर १९७५ ला वारला, निवडणूक जून १९७७ ला झाली. बांगलादेशात जनरल इर्शाद यांनी डिसेंबर १९९० मध्ये राजीनामा दिला आणि फेब्रुवारी १९९१ ला निवडणूक झाली. या प्रकाराला अभ्यासक ‘फाउंडिंग इलेक्शन’, म्हणजे पायाभरणीची निवडणूक, म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात सत्ताधारी खुर्चीवर असतानाच, जिंकू या भरवशावर, निवडणूक घेतो आणि त्याच निवडणुकीत पडतो. आपलं १९७७ हे या प्रकारातलं.

फरक नुसता तारखांचा नाही. पहिल्या प्रकारात निवडणूक घेणारी यंत्रणा हंगामी सरकारच्या हाताखाली असते, पक्ष नवे असतात, मतदार याद्यांवरूनही वाद होतात. दुसऱ्या प्रकारात कलेक्टर, तहसीलदार, पोलीस पाटील सगळे तेच असतात. सत्ताधारी पक्षाची गावपातळीवरची माणसंही जागच्या जागी असतात. तुम्ही १९७७ ची तुलना पोर्तुगालशी किंवा बांगलादेशाशी करणार असाल, तर हा फरक आधी मांडायला लागतो. नाहीतर व्हायवात पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

बांगलादेशाच्या उदाहरणात आपल्याला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. १९९१ ला इर्शाद तुरुंगात होते, तरी रंगपूर भागातल्या पाच जागांवरून ते स्वतः निवडून आले. म्हणजे देशाने नाकारलेल्या नेत्याला त्याच्या भागाने उचलून धरलं. पाडाव देशभर होतो, पण सगळीकडे सारखा होत नाही. स्थानिक नाती त्याला कुठे अडवतात, कुठे वाट करून देतात.

लाट कुठे होती, कुठे नव्हती

आता आपल्या देशाचे आकडे. १९७१ ला काँग्रेसच्या ३५२ जागा होत्या, १९७७ ला १५४ झाल्या. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून जास्त मतांनी हरल्या.

आणि दक्षिणेत? आंध्र प्रदेशात काँग्रेसला ४२ पैकी ४१ जागा मिळाल्या. कर्नाटकात २८ पैकी २६. तीच आणीबाणी, तेच सरकार, तोच मार्च महिना.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधे बसतो. १९७१ ला इथे काँग्रेसच्या ४५ पैकी ४२ जागा होत्या. १९७७ ला ४८ पैकी २० आल्या. राज्याच्या आतही चित्र एकसारखं नाही. मुंबईत काँग्रेसची एकही जागा उरली नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, राम जेठमलानी असे विरोधक तिथून लोकसभेत गेले. राजापूरला मधु दंडवते, ठाण्याला रामचंद्र म्हाळगी जिंकले. नांदेड, लातूर, परभणी, कोल्हापूर आणि कुलाबा या जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेल्या. पण सातारला यशवंतराव चव्हाण टिकले, वाशीमला वसंतराव नाईक, अकोल्याला वसंत साठे. नागपूर आणि वर्धाही काँग्रेसकडे राहिले.

म्हणजे ‘लाट’ हा शब्द काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. पाऊस पडला म्हणजे सगळी शेतं सारखी भिजली असं होत नाही; ढाळ, बांध, माती बघावी लागते.

पुणे जिल्ह्यातले तीन मतदारसंघ

आता घराजवळ या. पुणे जिल्ह्यातले तीन मतदारसंघ शेजारी शेजारी ठेवून बघू.

पुण्यात मोहन धारिया जनता पक्षातर्फे जिंकले. बारामतीत संभाजीराव काकडे जनता पक्षातर्फे जिंकले. खेडमध्ये काँग्रेसचे अण्णासाहेब मगर जिंकले.

अशा तुलनेचा फायदा असा की बऱ्याच गोष्टी आपोआप सारख्या राहतात. जिल्हा एक, जिल्हा परिषद एक, कलेक्टर एक, राज्य सरकार एक, पुण्याहून येणारी वर्तमानपत्रंही तीच. तरी निकाल वेगळा. मग फरक कशात होता ते शोधायला जागा राहते. उत्तर प्रदेशाची तुलना थेट आंध्रशी केली तर भाषा, इतिहास, शेती, पक्ष सगळंच वेगळं निघतं आणि कोणत्या कारणाने काय झालं हे सांगता येत नाही.

पण इथेही एक खाच आहे. धारिया १९७१ ला याच पुण्यातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. केंद्रात मंत्री होते. जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत अशी जाहीर भूमिका घेतल्यामुळे मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं आणि आणीबाणीत ते स्थानबद्ध झाले. मग १९७७ चं पुण्यातलं मत जनता पक्षाला होतं, धारियांना होतं की आणीबाणीविरुद्ध होतं? तिन्ही गोष्टी एकाच उमेदवारात गुंतल्या आहेत. याला संशोधनाच्या भाषेत ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात : दोन कारणं एकमेकांत अशी मिसळलेली की निकालावरून ती वेगळी काढता येत नाहीत. पुण्याची केस मोहक आहे, पण ‘लाटेचा पुरावा’ म्हणून कच्ची आहे.

मतं किती घटली आणि जागा किती घटल्या

देशात काँग्रेसची मतं १९७१ ला सुमारे ४३.७ टक्के होती, ती १९७७ ला ३४.५ टक्क्यांवर आली. म्हणजे नऊ टक्क्यांची घट. जागा मात्र निम्म्याहूनही कमी झाल्या. हे कसं?

सगळ्यात जास्त मतं मिळवणारा जिंकतो अशी आपली पद्धत असल्यामुळे. एक काल्पनिक मतदारसंघ घ्या, १०० मतांचा. काँग्रेसला ४४ आणि विरोधातल्या तिघांना २४, २० आणि १२. काँग्रेस आरामात जिंकली. पुढच्या वेळी काँग्रेसला तेवढीच ४४ मतं मिळाली, पण विरोधक एकत्र आले आणि त्यांच्या मुख्य उमेदवाराला ५०, उरलेल्याला ६ मिळाली. काँग्रेस हरली. तिचं एकही मत कमी झालं नाही.

डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी हे मोजायला एक साधं माप वापरलं : विरोधी ऐक्याचा निर्देशांक. सर्वांत मोठ्या विरोधी उमेदवाराची मतं भागिले सगळ्या विरोधी मतांची बेरीज, गुणिले १००. आपल्या उदाहरणात पहिल्या वेळी २४ भागिले ५६, म्हणजे ४३. दुसऱ्या वेळी ५० भागिले ५६, म्हणजे ८९.

म्हणून कुठल्याही मतदारसंघात ‘लोक रागावले’ असं लिहिण्याआधी दोन गणितं करायची. काँग्रेसची मतांची टक्केवारी किती बदलली? विरोधी ऐक्य किती बदललं? काही ठिकाणी राग जास्त असेल, काही ठिकाणी नुसती बेरीज जमली असेल. निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर दर लोकसभेचा सांख्यिकी अहवाल मिळतो, त्यात उमेदवारनिहाय मतं आहेत. एक्सेलमध्ये दोन तासांचं काम आहे. बारामती आणि खेड यांच्यासाठी हे करून मगच पुढच्या कारणांकडे जा.

डेटा शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ‘शिरूर १९७७’ असं शोधलंत तर काही सापडणार नाही. आपला आंबेगाव आणि जुन्नर आज शिरूर लोकसभेत आहे, पण ती रचना २००८ च्या पुनर्रचनेनंतरची. त्याआधी नाव खेड होतं. दोन, जनता पक्षाच्या उमेदवारांनी १९७७ ला बहुतेक ठिकाणी भारतीय लोकदलाच्या चिन्हावर निवडणूक लढवली. त्यामुळे अहवालात ‘जनता पक्ष’ दिसणार नाही, लोकदल दिसेल. चौधरी चरणसिंगांचा पक्ष पुण्यात कसा जिंकला, असा प्रश्न पडू देऊ नका.

कारणं : चार गृहीतकं आणि त्यांच्या चाचण्या

गृहीतक म्हणजे खोटं ठरू शकेल असं विधान. ते खोटं ठरायला काय दिसावं लागेल, हे आधी लिहून ठेवलं तरच ते गृहीतक. खेडसाठी अशी चार मांडून दाखवतो.

पहिलं, नसबंदी. ‘जिथे सक्ती जास्त, तिथे काँग्रेस पडली.’ उत्तर भारतासाठी हे कारण सर्रास दिलं जातं. शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पण राज्यवार बघा. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे आकडा आठ लाखांच्या वर आहे, आणि महाराष्ट्राची लोकसंख्या उत्तर प्रदेशापेक्षा कितीतरी कमी. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ ला मंजूरही केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. आंध्रात सात लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिथे काँग्रेसने ४१ जागा जिंकल्या. म्हणजे नुसत्या आकड्यावरून निकाल सांगता येत नाही. कदाचित आपण मोजतोय तेच चुकतंय : शस्त्रक्रियांची संख्या म्हणजे सक्ती नव्हे. आधीपासून कुटुंबनियोजनाची सवय असलेल्या तालुक्यातली शंभर ऑपरेशनं आणि पोलीस गाडी आणून केलेली शंभर ऑपरेशनं कागदावर सारखीच दिसतात. मापाच्या वैधतेचा प्रश्न म्हणतात तो हा. एम्मा टार्लो यांनी दिल्लीच्या एका वस्तीत काम करताना दाखवलं की नसबंदीच्या दाखल्यांचा घराच्या प्लॉटशी सौदा होत होता. म्हणजे ‘स्वेच्छा’ आणि ‘सक्ती’ यांच्यामध्येही बराच प्रदेश आहे.

दुसरं, सहकार. ‘साखर कारखाना म्हणजे काँग्रेस’ हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ते १९७७ ला लावून बघा. बारामती भागात माळेगाव आणि सोमेश्वर हे कारखाने तेव्हा होते, आणि तिथे काँग्रेस हरली. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे दोन्ही कारखाने १९७७ नंतरचे. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांत कारखाना नव्हता आणि मतदारसंघ मात्र काँग्रेसकडे राहिला. आजचं चित्र मागे नेऊन लावायचं नाही, ही शिस्त इथे कामाला येते. अर्थात मतदारसंघ म्हणजे फक्त आपले दोन तालुके नव्हेत. उमेदवार अण्णासाहेब मगर हडपसरचे, थेऊरच्या यशवंत कारखान्याशी आणि पिंपरी-चिंचवडच्या नगरपालिकेशी त्यांचं नाव जोडलेलं. त्यामुळे ‘कारखाना होता की नव्हता’ यापेक्षा ‘उमेदवाराचं जाळं कुठल्या तालुक्यात किती होतं’ हा प्रश्न जास्त चांगला.

तिसरं, विरोधकांची गावातली माणसं. राग असून भागत नाही, बूथवर बसणारा माणूस लागतो. पुण्यात समाजवादी आणि जनसंघाचं संघटन जुनं, एस. एम. जोशींसारखा नेता तिथूनच १९६७ ला निवडून आलेला. बारामतीत काकडे घराण्याचं स्वतःचं वजन. खेडमध्ये विरोधकांकडे असं काय होतं? हे गृहीतक तपासायला प्रत्येक तालुक्यातल्या १९७२ आणि १९७८ च्या विधानसभा उमेदवारांची यादी करा, कोण कुठल्या पक्षातून आला ते बघा. पुढे १९८९ ला मंचरचे किसनराव बाणखेले जनता दलातर्फे याच खेडमधून लोकसभेवर गेले. म्हणजे इथे काँग्रेसविरोधी मत कधी जमलंच नाही, असं नाही. १९७७ ला नाही जमलं, १९८९ ला जमलं. बारा वर्षांत काय बदललं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

चौथं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आणीबाणीची दोन वर्षं सगळ्यांसाठी एकच होती का? पुण्यातल्या पत्रकाराला, प्राध्यापकाला, कार्यकर्त्याला ती येरवड्याच्या तुरुंगाची आणि सेन्सॉरची वर्षं होती. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाला काय होती? याच काळात वीस कलमी कार्यक्रम आला, महाराष्ट्रात गरीब कर्जदारांसाठी कर्जमुक्तीचा कायदा आला, वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ ला आला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदाही १९७५ च्या अखेरीस लागू झाला. कायदा येणं आणि जमीन हातात येणं यात अंतर असतंच, आणि तेच तुम्हाला तपासायचंय. तहसील कचेरीतल्या नोंदींत या कायद्याखाली किती दावे दाखल झाले, किती जमीन खरोखर फिरली? पश्चिम भागात दावे मंजूर झाले नसतील, तर हे गृहीतक गळून पडलं.

हे मांडणं म्हणजे आणीबाणीचं समर्थन करणं नव्हे. स्वातंत्र्य गमावल्याची किंमत समाजाच्या प्रत्येक थराला वेगवेगळ्या रूपात मोजावी लागते आणि मतदान त्या अनुभवातून होतं, एवढंच यातून म्हणायचंय. गाईडला हे वाक्य समजावून सांगता आलं पाहिजे. नाहीतर तुमच्यावर बाजू घेतल्याचा शिक्का बसेल.

मग पेठने कुणाला मत दिलं?

इथे सगळ्यात मोठा मोह असतो. खेडमध्ये काँग्रेस जिंकली, पेठ खेडमध्ये होतं, म्हणून पेठने काँग्रेसला मत दिलं. ऐकायला सरळ वाटतं, पण हा तर्क टिकत नाही. मतदारसंघाच्या बेरजेवरून त्यातल्या एका गावाचं मत सांगता येत नाही, आणि गावाच्या बेरजेवरून त्यातल्या एका आळीचं किंवा एका जातीचंही नाही. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये एका लेखात दाखवून दिलं की गटाच्या पातळीवर दिसणारा संबंध व्यक्तीच्या पातळीवर कमी होऊ शकतो, नाहीसा होऊ शकतो, अगदी उलटाही होऊ शकतो. या चुकीला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला ही व्याख्या आपण पाठ करतो आणि प्रबंधात सर्रास विसरतो. ‘खेडमधल्या आदिवासींनी काँग्रेसला साथ दिली’ असं वाक्य मतदारसंघाच्या निकालावरून लिहिलंत, तर तीच चूक झाली.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत. आकड्यांवरून बोलायचं असेल तर मतदारसंघाच्या पातळीवरच बोला आणि दावा तेवढाच ठेवा. गावाबद्दल बोलायचं असेल तर गावात जा.

मुलाखती : वेळ थोडा आहे

१९७७ ला मतदानाचं वय २१ होतं. ते १८ झालं १९८९ ला. म्हणजे त्या निवडणुकीत मत दिलेला सगळ्यात तरुण माणूस साधारण १९५६ च्या सुमारास जन्मलेला. आज तो सत्तरीला आलाय. तेव्हा जो चाळिशीतला सरपंच होता, सोसायटीचा चेअरमन होता, शाळामास्तर म्हणून नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर होतं, तो आज असलाच तर नव्वदीत आहे. कागद आणखी वीस वर्षांनीही मिळतील, ही माणसं मिळणार नाहीत. लिटरेचर रिव्ह्यू पूर्ण झाल्याशिवाय फील्डवर्क नको, हा नियम एरवी ठीक आहे. या विषयात मात्र तो थोडा बाजूला ठेवावा लागेल. एथिक्सची परवानगी आणि माणसाची संमती घेऊन आधी रेकॉर्डिंग सुरू करा, सिद्धांत मागाहून वाचा.

मुलाखत घेताना काही गोष्टी सांभाळा.

‘आणीबाणीत तुमच्यावर अन्याय झाला का?’ असं विचारू नका. उत्तर प्रश्नातच आहे. शिवाय गावात अनेकांच्या तोंडी ‘आणीबाणी’ हा शब्दच नसेल. बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना आठवतो, त्याला धरून पुढे या. ‘दुष्काळानंतर चार-पाच वर्षांनी तुम्ही काय करत होता? घरात कोण कोण होतं? त्या वर्षी गावात सरकारी माणसं कशासाठी यायची?’ असं विचारलं की माणूस आपल्या शब्दांत बोलायला लागतो.

पक्षापेक्षा चिन्ह विचारा. काँग्रेसचं तेव्हा गाय-वासरू होतं, हाताचा पंजा नंतरचा. जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी. कुणी ‘मी पंजावर शिक्का मारला’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलतोय असं समजू नका. त्याची १९८० ची आठवण १९७७ वर चढली आहे. १९८० ला महाराष्ट्रात इंदिरा काँग्रेसने ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या होत्या, तेव्हा ती आठवण ठळक असणारच. तसंच डिंभे धरणात घर-शेत गेलेल्या माणसाचा सरकारवरचा राग कुठल्या वर्षाचा, हे हळूच विचारून घ्यावं लागतं.

नावं तपासा. आपल्याकडे ‘अण्णासाहेब’ म्हटलं की एक माणूस नसतो. मंचरचं कॉलेज अण्णासाहेब आवटे यांच्या नावाचं, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे यांच्या नावाचं, आणि खासदार होते अण्णासाहेब मगर. आजोबा ‘अण्णांची सभा झाली होती’ म्हणाले की कोणते अण्णा ते तिथल्या तिथे विचारा. ट्रान्सक्रिप्ट करताना रात्री अकरा वाजता ते कळणार नाही.

आणि बायकांना वेगळं विचारा. ओसरीवर पुरुष बसलेले असताना आजी ‘हे सांगतील’ म्हणून आत जाते. नसबंदीबद्दल आणि रेशनबद्दल तिची आठवण नेमकी असण्याची शक्यता जास्त, कारण घर ती चालवत होती.

मुलाखतीतून टक्केवारी निघत नाही, हेही मान्य करून चला. दहा माणसांपैकी सात जण ‘गाय-वासरू’ म्हणाले म्हणजे गावाने ७० टक्के मत काँग्रेसला दिलं असं होत नाही. मुलाखतीतून कळतं ते असं : माणसं कशावरून ठरवत होती, कुणाचा शब्द मानत होती, कशाला घाबरत होती. हे सांख्यिकी अहवालात कधीच मिळणार नाही. दोन्ही पुरावे एकमेकांशेजारी ठेवायचे, एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

सिनॉप्सिसमध्ये प्रश्न कसा लिहायचा

आता पहिल्या वाक्याकडे. ‘१९७७ च्या निवडणुकीत जनतेने आणीबाणी नाकारली’ हा विषय झाला, प्रश्न नाही. त्याऐवजी असं लिहून बघा : ‘१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे जिल्ह्यात शेजारच्या मतदारसंघांत काँग्रेसचा पराभव झाला असताना खेड मतदारसंघात तिचा विजय कसा झाला? उमेदवार, विरोधी ऐक्य आणि आणीबाणीचा तालुकानिहाय अनुभव यांचा तुलनात्मक अभ्यास.’ यात काळ आहे, जागा आहे, तुलना आहे, आणि तीन कारणं आहेत ज्यातलं एखादं चुकीचं निघू शकतं.

साधनांच्या रकान्यात एवढं लिहिता येईल : निवडणूक आयोगाचे १९७१, १९७७ आणि १९८० चे सांख्यिकी अहवाल, शहा आयोगाचे अहवाल, त्या काळातल्या ‘केसरी’, ‘सकाळ’ आणि ‘साधना’च्या फायली, तहसील कचेरीतल्या जमीन परतीच्या नोंदी, आणि पेठ, घोडेगाव, जुन्नर परिसरातल्या किमान तीस मुलाखती. वर्तमानपत्रांच्या फायली वाचताना जानेवारी १९७७ च्या आधीचे आणि नंतरचे अंक वेगळे धरा. आधीच्या अंकांवर सेन्सॉरची कात्री आहे, त्यात बातमी नाही म्हणजे घटना घडली नाही असं होत नाही.

मायरन वीनर यांचं १९७७ च्या निवडणुकीवरचं छोटं पुस्तक याच काळात वाचून घ्या. निवडणुकीनंतर लगेच लिहिलेलं असल्यामुळे त्यात तेव्हाची हवा टिकून आहे, आणि देशपातळीवरून बघणाऱ्याला खेडसारखा मतदारसंघ का दिसत नाही हेही त्यातून कळतं.

या आठवड्यात दोन कामं करा. आयोगाचा १९७७ चा अहवाल उतरवून घ्या आणि तुमच्या तालुक्याचा मतदारसंघ तेव्हा कोणता होता ते शोधा. मग घरातल्या किंवा आळीतल्या सत्तरीपुढच्या एका माणसाला विचारा, ‘गाय-वासरूच्या वेळचं मतदान आठवतंय का?’ आणि गप्प बसून ऐका.